‘मीथिंक्स’ या जुन्या इंग्रजी शब्दाचे जर्मन भाषांतर

नेकारकाठ (धागालेखिका)

नमस्कार. मी गेली काही वर्षे जर्मनीत, ट्युबिंगनला राहते. येथील एका हौशी नाट्यगटासाठी आम्ही ‘हॅम्लेट’मधील निवडक प्रवेशांची नवी जर्मन संहिता तयार करीत आहोत. प्रेक्षक प्रामुख्याने शाळेच्या वरच्या वर्गांतील मुले असतील. इंग्रजी मूळ वाचून कच्चा मसुदा करण्याचे काम माझ्याकडे आहे, आणि त्यावर शेवटचा हात आमच्या दिग्दर्शिका फिरवतात. आतापर्यंत मतभेद फारसे झाले नव्हते, परंतु ‘मीथिंक्स’ या एका शब्दावर आम्ही दोघी अडलो आहोत आणि दोन तालमी त्या चर्चेत गेल्या आहेत.

हा शब्द आमच्या निवडीत चार ठिकाणी येतो. पहिल्या अंकाच्या दुसऱ्या प्रवेशात हॅम्लेट होरेशियोला म्हणतो, की मला माझे वडील दिसत आहेत असे वाटते. पाचव्या प्रवेशात पित्याच्या भुताला पहाटेच्या हवेचा वास आल्यासारखे वाटते. तिसऱ्या अंकाच्या दुसऱ्या प्रवेशात राणी गर्ट्रूडचे प्रसिद्ध वाक्य आहे, ‘द लेडी डथ प्रोटेस्ट टू मच, मीथिंक्स’, आणि त्याच प्रवेशाच्या शेवटी ढगाकडे बोट दाखवून हॅम्लेट पोलोनियसला सांगतो, की तो मुंगसासारख्या दिसणाऱ्या त्या छोट्या प्राण्यासारखा, वीझलसारखा, वाटतो.

दिग्दर्शिकांचे म्हणणे असे, की हा ‘आय थिंक’चाच जुना अवतार आहे, तेव्हा सरळ ‘इश डेंकं’ लिहावे आणि मुलांना अडखळू देऊ नये. मला ते पटत नाही, परंतु का पटत नाही हे मला त्यांच्यासमोर नीट मांडता आले नाही. ऑगुस्ट विल्हेल्म श्लेगेल यांच्या १७९८ सालच्या भाषांतरात या चारही ठिकाणी ‘मिश ड्युंक्ट’ आहे. तोच शब्द ठेवावा असे माझे मन सांगते, मात्र तो आजच्या जर्मनमध्ये इतका जुना झाला आहे, की मुले हसतील ही भीतीही खोटी नाही. येथील सदस्यांपैकी अनेक जण जर्मन शिकवतात किंवा जर्मन प्रदेशात राहतात, म्हणून हा प्रश्न येथे मांडत आहे. केवळ पर्यायी शब्द नको आहेत. या शब्दाची घडण काय आहे आणि भाषांतरात तिच्यातले काय सुटता कामा नये, हे मला समजून घ्यायचे आहे.

गुरुवार पेठ

नेकारकाठ, प्रश्न अतिशय मोलाचा आहे. मी पुण्यात अनेक वर्षे जर्मन शिकवते आणि हा शब्द माझ्या आवडीचा आहे, म्हणून थोडे सविस्तर लिहिते.

‘मीथिंक्स’ म्हणजे ‘आय थिंक’ नव्हे, आणि याचा पुरावा त्या शब्दाच्या शेवटच्या ‘स’मध्येच आहे. कर्ता ‘आय’ असता तर क्रियापदाला तृतीयपुरुषी ‘स’ लागलाच नसता. प्राचीन इंग्रजीत दोन वेगळी क्रियापदे होती. ‘थेंचन’ म्हणजे विचार करणे, आणि ‘थ्युंचन’ म्हणजे वाटणे, भासणे. त्यांची भूतकाळी रूपेही वेगळी होती, पहिल्याचे ‘थोह्ते’ आणि दुसऱ्याचे ‘थूह्ते’. मध्ययुगीन इंग्रजीत या दोन क्रियापदांचे उच्चार जवळ आले आणि शेवटी ती एकमेकांत मिसळून गेली. वाटण्याच्या अर्थाचे क्रियापद स्वतंत्रपणे मेले, आणि त्याचा एक अवशेष ‘मला’ या सर्वनामाला चिकटून ‘मीथिंक्स’ म्हणून उरला. शेक्सपिअरच्या नाटकांच्या १६२३ सालच्या छापील संग्रहात, म्हणजे फोलिओत, गर्ट्रूडच्या वाक्यात हे दोन शब्द सुटे छापलेले दिसतात, म्हणजे तो सांधा तोवर पूर्ण बुजलेला नव्हता.

जर्मनमध्ये मात्र ही जोडी मिसळली नाही. ‘डेंकन’ म्हणजे विचार करणे आणि ‘ड्युंकन’ म्हणजे वाटणे, दोन्ही आजही कोशात शेजारी नांदत आहेत. म्हणून ‘मिश ड्युंक्ट’ हे ‘मीथिंक्स’चे भाषांतर आहेच, शिवाय ते त्याचे सख्खे भावंडही आहे. सर्वनाम तेच, धातू तोच, तृतीयपुरुषी प्रत्ययही तसाच. दोन भाषांतला एक शब्द असा अवयवाअवयवाने जुळणे फार क्वचित घडते.

आता हे मराठी माणसाला कोणी समजावून सांगण्याची गरजच पडू नये. आपण ‘मला वाटते’ म्हणतो. तेथे ‘मला’ कर्ता नाही, ‘वाटते’ तृतीयपुरुषी नपुंसकलिंगी आहे, आणि वाटण्याची क्रिया माणूस करीत नाही, ती त्याच्यापाशी येते. ‘उद्या पाऊस पडेल असा मी विचार करतो’ असे कोणी बोलले तर आपल्या कानाला जे खटकते, तेच हॅम्लेटच्या तोंडी ‘इश डेंकं, इश झेहं मायनन फाटर’ ऐकताना खटकले पाहिजे. ‘इश डेंकं’ ही जर्मन म्हणून चूक नाही, आजच्या बोलण्यात मत सांगताना ती सर्रास वापरली जाते. परंतु तिच्यात मत असते, भास नसतो. वडिलांचे दिसणे हे हॅम्लेटचे मत नाही.

एक व्याकरणाची बारीक बाब. ‘मिश ड्युंक्ट’ आणि ‘मिर ड्युंक्ट’ अशी दोन्ही रूपे कोशांना मान्य आहेत. जुने रूप ‘मिश’चे, म्हणजे द्वितीया विभक्तीचे आहे. ‘मिर शाइन्ट’ (मला भासते) यासारख्या रचनांच्या प्रभावाने पुढे चतुर्थीही रुळली. संहितेत ‘मिश’ ठेवावे असा माझा आग्रह राहील. ‘मिश डॉइश्ट’ हे आणखी एक रूप सापडेल, पण त्याच्या वाटेला जाऊ नये. ‘ड्युंकन’चे जुने भूतकाळी रूप ‘डॉइश्टं’ होते आणि त्यावरून मागाहून वर्तमानकाळ पाडला गेला, तो हा. आज तो ‘ड्युंक्ट’पेक्षाही अनोळखी आहे.

बेर्नकर

धागा वाचून आनंद झाला. मी स्वित्झर्लंडमध्ये बेर्नला राहतो, आणि येथे हे क्रियापद जुने झालेलेच नाही. ‘एस ड्युंक्ट मी’ हे शब्द मी दुकानात, ट्राममध्ये, मुलीच्या शाळेतील पालकसभेत रोज ऐकतो. झुरिककडे तेच ‘डुंक्ट’ असे उच्चारतात. आरंभी मला वाटे, की ही माणसे मुद्दाम ग्रंथांतली भाषा बोलत आहेत. नंतर ध्यानात आले, की प्रमाण जर्मनने माळ्यावर टाकलेले भांडे येथील बोलीत रोजच्या चुलीवर आहे.

तुमचे ट्युबिंगन स्वाबियन बोलीच्या मुलखात आहे. तुमच्या प्रेक्षकांपैकी काही मुलांच्या आजी-आजोबांच्या तोंडी हा शब्द असेल का, हे एकदा विचारून पाहावे, म्हणजे मुले हसतील की नाही याचा अंदाज घरबसल्या येईल. प्रमाण जर्मनमध्येही या धातूची दोन अपत्ये जिवंत आहेत. एखादी गोष्ट स्वतःच्या मर्जीप्रमाणे करणे म्हणजे ‘नाख गुटड्युंकन’ करणे, आणि स्वतःला फार कोणी समजण्याची वृत्ती म्हणजे ‘ड्युंकल’. ही दोन्ही नामे वर्तमानपत्रांत नेहमी येतात. त्यामुळे धातू मुलांना अगदीच परका नाही.

शब्दवेडी

मला जर्मन जुजबी येते, म्हणून प्रश्न प्राथमिक वाटल्यास क्षमा करावी. ‘मिर शाइन्ट’ हा मधला मार्ग का नको? गुरुवार पेठ यांनी सांगितलेले सारे त्यात आहे. कर्ता माणूस नाही, अर्थ भासण्याचा आहे, आणि शब्द आजचा आहे. दिग्दर्शिकाही राजी होतील.

रंगपट

शब्दवेडी ताई, प्रश्न प्राथमिक नाही. मी स्वतःही प्रथम ‘मिर शाइन्ट’कडेच वळलो असतो. परंतु ‘हॅम्लेट’मध्ये त्या शब्दाला एक अडथळा आहे, आणि तो नाटककारानेच घातलेला आहे.

नेकारकाठ यांनी उल्लेख केलेल्या पहिल्या अंकाच्या दुसऱ्याच प्रवेशात, वडिलांच्या दिसण्याच्या सुमारे शंभर ओळी आधी, आई मुलाला विचारते, की मृत्यू सर्वांनाच आहे, मग तुला तो एवढा विशेष का ‘वाटतो’? ती तेथे ‘सीम्स’ हा शब्द वापरते, आणि हॅम्लेट त्या शब्दावर तुटून पडतो: ‘सीम्स, मॅडम? ने, इट इझ. आय नो नॉट सीम्स.’ काळा अंगरखा, उसासे, डोळ्यांतले पाणी हे सारे माणूस वठवू शकतो. माझ्या आत जे आहे ते दिखाऊ नाही, असे तो सांगतो. श्लेगेल यांनी तेथे ‘शाइन्ट’ वापरले आहे: ‘शाइन्ट, ग्नेडिगं फ्राउ? नाइन, इस्ट, मिर गिल्ट काइन शाइन्ट.’ म्हणजे ‘शाइन्ट’ माझ्याजवळ चालत नाही, असे राजपुत्राने भर दरबारात जाहीर केले आहे. त्याच प्रवेशात त्याच तोंडून थोड्याच वेळाने ‘मिर शाइन्ट, इश झेहं मायनन फाटर’ आले, तर लक्ष देऊन ऐकणाऱ्या मुलाला वाटेल, की हा आपलेच बोलणे विसरला. मूळ इंग्रजीत हा घोटाळा होत नाही, कारण ‘सीम्स’ आणि ‘मीथिंक्स’ हे दोन निराळे शब्द आहेत. पहिल्यात बाहेरून दिसणारे रूप आहे आणि दुसऱ्यात मनात उमटलेले चित्र आहे. होरेशियो दचकून ‘कोठे?’ विचारतो, तेव्हा ‘माझ्या मनाच्या डोळ्यात’ असे उत्तर हॅम्लेट देतो ते यामुळेच. श्लेगेल यांनी ‘शाइनन’ आणि ‘ड्युंकन’ यांच्यात राखलेले अंतर मला त्या भाषांतरातील फार मोठी समज वाटते.

ढगाच्या प्रसंगात तर हा शब्द हलवताच येणार नाही. हॅम्लेट आधी ढग उंटासारखा आहे म्हणतो, मग वीझलसारखा, मग देवमाशासारखा, आणि पोलोनियस प्रत्येक वेळी होकार देतो. राजपुत्राला जे वाटेल ते दरबाऱ्याला दिसते, एवढाच त्या प्रसंगाचा जीव आहे. तेथे ‘इश डेंकं’ लिहिले, तर ढगाविषयी मत मांडल्यासारखे होईल आणि पोलोनियसची लाचारी अर्धीच उरेल.

मराठीत गोपाळ गणेश आगरकरांनी हे नाटक १८८३ साली ‘विकारविलसित’ म्हणून आणले, तेव्हा ‘वाटते’ हे क्रियापद त्यांच्या हाताशी होतेच. आपल्याकडे जुनेपणा आणायचा झाला तर ‘मला’च्या जागी ‘मज’ पुरते. ‘मज वाटते’ म्हटले की क्रियापद आजचे राहते आणि अभंगांचा, नाट्यपदांचा काळ एकट्या सर्वनामातून येतो. जर्मनमध्ये याच्या उलट आहे. ‘मिश’ रोजचेच आहे आणि वय क्रियापदाला झाले आहे. म्हणून तेथे शब्द बदलल्यावाचून जुनेपणा कमी करता येत नाही, ही नेकारकाठ यांची खरी अडचण मला समजते.

गुरुवार पेठ

रंगपट, ‘शाइन्ट’चा हा मुद्दा माझ्या कधी ध्यानात आला नव्हता. वर्गात तो प्रवेश शिकवताना यापुढे सांगेन.

भुताच्या ओळीविषयी मात्र स्वतंत्र लिहिले पाहिजे. श्लेगेल यांची ओळ आहे: ‘डॉख श्टिल! मिश ड्युंक्ट, इश विट्रं मॉर्गनलुफ्ट.’ पहाटेच्या हवेचा हा वास जर्मन भाषेत इतका मुरला आहे, की ‘मॉर्गनलुफ्ट विटर्न’ हा आज वाक्प्रचार आहे. आपले दिवस फिरण्याची, फायद्याची संधी येण्याची चाहूल लागणे, असा त्याचा अर्थ. राजकारणाच्या बातम्यांत तो हमखास भेटतो. भुताला त्या वासाने निघून जावे लागते, वाक्प्रचारातल्या माणसाला मात्र हुरूप येतो. अर्थ कसा पालटला ते पाहण्यासारखे आहे.

या ओळीच्या मागेही एक ओळ आहे. गॉटफ्रीड आउगुस्ट ब्युर्गर यांनी १७७३ साली लिहिलेल्या ‘लेनोरं’ या कथाकाव्यात मेलेला घोडेस्वार आपल्या घोड्याला म्हणतो, की कोंबडा आरवतो आहे असे मला वाटते, आणि लगेच पुढे म्हणतो, की मला पहाटेच्या हवेचा वास येतो. ‘मिश ड्युंक्ट’ही तेथे आहे आणि ‘इश विट्रं मॉर्गनलुफ्ट’ही. दोन्ही ठिकाणी बोलणारा मेलेला आहे आणि दोन्ही ठिकाणी त्याला उजाडण्याआधी परतायचे आहे. ब्युर्गर यांनी ‘हॅम्लेट’मधल्या भुतावरून हे घेतले असावे असे मला वाटते. तरुण श्लेगेल गटिंगनला शिकत असताना याच ब्युर्गर यांच्या सहवासात भाषांतराची दीक्षा घेत होते. त्यांना ही ओळ घडवताना गुरूची ओळ आठवली नसेल, हे मला संभवनीय वाटत नाही. जी ओळ इंग्रजीतून जर्मन कथाकाव्यात, तेथून पुन्हा जर्मन ‘हॅम्लेट’मध्ये आणि मग वर्तमानपत्रात आली, तिच्यातून ‘मिश ड्युंक्ट’ काढू नये. शिवाय तेथे बोलणारा गतकाळातून आलेला आहे. त्याच्या तोंडी जुना शब्द मुलांनाही खटकणार नाही.

रंगपट

मान्य. गर्ट्रूडच्या ओळीबद्दल मात्र श्लेगेल यांच्याशी माझे भांडण आहे, आणि ते दोन शब्दांवर आहे.

त्या ओळीत खरे तर ‘मीथिंक्स’पेक्षा ‘प्रोटेस्ट’ अधिक फसवा आहे. आज तो शब्द विरोध करणे, नाकारणे अशा अर्थाने येतो आणि लोक ते वाक्य ‘फार नाकारते आहे, म्हणजे काहीतरी असणार’ अशा अर्थाने उद्धृत करतात. तेव्हाचा अर्थ उलट बाजूचा आहे. गर्ट्रूड पाहत असलेल्या नाटकातल्या नाटकात त्यातली राणी शपथेवर सांगत असते, की पती गेल्यास मी दुसरा विवाह करणार नाही. ‘प्रोटेस्ट’ म्हणजे ते आणाभाका घेणे. श्लेगेल यांनी हे अचूक ओळखून ‘गेलोब्ट’ लिहिले: ‘डी डामं, वी मिश ड्युंक्ट, गेलोब्ट त्सू फील.’ येथपर्यंत त्यांना पूर्ण मान.

परंतु त्यांनी ‘मीथिंक्स’ ओळीच्या टोकावरून उचलून मध्ये आणले. मूळ ओळीत गर्ट्रूड आधी निकाल देऊन टाकते, की बाई जरा जास्तच आणाभाका घेते आहे, आणि मग, मुलगा आपल्याकडे पाहतो आहे हे जाणवून, त्याला एक मऊ शेपूट जोडते: मला आपले वाटते. ज्या बाईने स्वतः पतीच्या मृत्यूनंतर दोन महिन्यांच्या आत दुसरे लग्न केले आहे, तिचे ते कचरणे शेवटी आले पाहिजे. मध्ये आले की ते नुसते सभ्य बोलणे होते. दहा अक्षरांची ओळ सांभाळायची म्हणून श्लेगेल यांना ते करावे लागले असेल, तरी नटीच्या हातून एक क्षण गेला हे खरे.

शब्दवेडी

भूतकाळाचे काय करायचे? ‘मीथॉट’ही शेक्सपिअरमध्ये पुष्कळदा येतो. त्यालाही ‘मिश ड्युंक्टं’ म्हणायचे का?

गुरुवार पेठ

सहसा नाही, आणि याचे उत्तर जुन्या भाषांतरकारांनीच देऊन ठेवले आहे. ‘मिडसमर नाइट्स ड्रीम’मध्ये बॉटम विणकर झोपेतून उठून आपले स्वप्न सांगू पाहतो, तेथे श्लेगेल ‘मिर वार, आल्स व्हेर इश’ असे लिहितात. ‘मॅक्बेथ’मध्ये खुनानंतर झोपेचा खून झाल्याचा आवाज मॅक्बेथला ऐकू येतो, तेथे डोरोथेआ टीक लिहितात, ‘मिर वार, आल्स रीफ एस’. श्लेगेल आणि टीक यांच्या नावाने १८३३ साली पूर्ण झालेल्या त्या मालिकेत ‘मॅक्बेथ’ डोरोथेआ यांनी केले, पण मुखपृष्ठावर नाव त्यांच्या वडिलांचे आहे. त्यांचे नाव घेतल्याशिवाय मला ही ओळ उद्धृत करवत नाही.

‘मिर वार, आल्स’ म्हणजे ‘मला झाले, जणू’. ‘आल्स’नंतर लगेच क्रियापद येते आणि ते संकेतार्थी रूपात येते, म्हणून जे सांगितले जात आहे ते घडले की नाही हे अधांतरी राहते. आपल्या ‘मला भास झाला, जणू कोणी हाक मारली’ याच्या ते अगदी निकट आहे. मुख्य म्हणजे ही रचना आजही जिवंत आहे आणि कोणतेही मूल ती समजेल.

नेकारकाठ (धागालेखिका)

आपणा सर्वांचे मनापासून आभार. उत्तर द्यायला आठ दिवस लागले, कारण मध्ये तालीम होती आणि येथील सारे मुद्दे मी दिग्दर्शिकांपुढे जर्मनमध्ये मांडले.

‘शाइन्ट’चा मुद्दा ऐकल्यावर त्यांनी पहिल्या अंकाची संहिता उघडून दोन्ही ओळी स्वतः मोठ्याने वाचल्या, आणि ‘इश डेंकं’ तेथल्या तेथे खोडले. ‘मिर शाइन्ट’ तर त्यांनी विचारातच घेतले नाही. हॅम्लेटच्या आणि भुताच्या ओळीत ‘मिश ड्युंक्ट’ राहील. ढगाच्या प्रसंगातही तेच राहील, कारण पोलोनियसचे काम करणारे गृहस्थ म्हणाले, की या जुन्या शब्दाला मान डोलावणे त्यांना अधिक सोपे जाते.

बेर्नकर, आपण सुचवल्याप्रमाणे मी विचारले. भुताचे काम करणारे आमचे ज्येष्ठ सहकारी श्वार्त्सवाल्डमधील एका खेड्यातले आहेत. त्यांची आजी हे क्रियापद वापरत असे, असे त्यांनी सांगितले आणि तिच्या उच्चारात ते म्हणूनही दाखवले. तालमीला आलेल्या दोन मुलांपैकी कोणीही हसले नाही. एकीने अर्थ विचारला, आणि ‘ड्युंकल’शी नाते सांगताच तिला तो लागला.

गर्ट्रूडच्या ओळीसाठी रंगपट यांचे म्हणणे धरून मी नवी ओळ केली आहे: ‘डी डामं श्व्योर्ट त्सू फील, झो ड्युंक्ट एस मिश.’ ‘गेलोब्ट’ऐवजी शपथ घेणे या अर्थाचे रोजचे ‘श्व्योर्ट’ आल्याने ‘प्रोटेस्ट’चा जुना अर्थ मुलांना थेट कळतो. दहा अक्षरे आणि लघु-गुरूची चाल दोन्ही सांभाळली आहेत, आणि ‘मला आपले वाटते’ पुन्हा टोकाला गेले आहे. राणीचे काम करणाऱ्या बाईंनी ‘त्सू फील’नंतर एक श्वास घेऊन, मुलाकडे पाहून, शेवटचे चार शब्द हळू आवाजात म्हटले, तेव्हा दिग्दर्शिकांनी ती ओळ तशीच मुख्य संहितेत लिहून घेतली.

पाचव्या अंकात, जहाजावरच्या रात्रीची हकिगत सांगताना हॅम्लेटच्या तोंडी एक ‘मीथॉट’ येतो. तो प्रवेश आम्ही आता निवडीत घेत आहोत. तेथे ‘मिर वार, आल्स लेग इश’ असा आरंभ करून पुढील ओळ पक्की झाली, की येथे टाकीन.